साड्यांच्या फोटोंसाठी मॉनिटर घ्यायचाय: ९९% एसआरजीबी, १२५% एसआरजीबी, ९५% पी३... नक्की बघायचं काय?

पदर

नमस्कार मंडळी. मी नौपाड्यात घरूनच साड्या विकते. पैठणी, इरकल, थोड्या नारायणपेठी. फोटो मीच काढते, लॅपटॉपवर जरा उजळते, कापते, आणि इन्स्टा व वॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकते. तक्रार ठरलेली: "फोटोत रंग वेगळा दिसत होता हो." त्यातही मोरपंखी आणि राणी या दोन रंगांवरून सगळ्यात जास्त साड्या परत येतात. मोरपंखी माझ्या स्क्रीनवर सरळ निळाच दिसतो, त्यातला हिरवा कुठे जातो देव जाणे.

लॅपटॉप जुना आहे. त्याच्या माहितीत "४५% एनटीएससी" लिहिलंय आणि माझा भाचा म्हणतो की रोग तिथेच आहे. म्हणून मॉनिटर घ्यायचं ठरवलंय. बजेट २५ हजार, अगदीच गरज असेल तर ३०. पण खोक्यांवरचे आकडे वाचून डोकं फिरलं. एकावर ९९% एसआरजीबी, दुसऱ्यावर १२५% एसआरजीबी, तिसऱ्यावर ९५% डीसीआय-पी३, आणि एका स्वस्तातल्यावर ७२% एनटीएससी. दुकानदार म्हणाला, "मॅडम, १२५ वाला घ्या, जास्त ते चांगलं." शंभर टक्क्यांच्या वर कसं काय जातं हे विचारलं तर त्याने विषयच बदलला.

जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

कळवा_स्लो

आयपीएस घ्या आणि विषय संपवा. गिऱ्हाइकं कुठे मॉनिटर लावून साड्या बघणार आहेत?

ऐरोलीकर

कळवा_स्लो, आयपीएस हा पॅनलचा प्रकार झाला. बाजूने बघितल्यावर रंग बदलत नाहीत, हा त्याचा गुण. तो किती रंग दाखवतो हा प्रश्न वेगळा. ४५% एनटीएससीवाले आयपीएस लॅपटॉप ढिगाने विकले जातात.

पदरताई, सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

डोळ्याला दिसणारे सगळे रंग (उजेड कमी-जास्त हा भाग सोडून) एका सपाट आकृतीत मांडता येतात. सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेने ती १९३१ साली केली. घोड्याच्या नालासारखी दिसते, इंटरनेटवर शोधलीत तर लगेच ओळखाल. स्क्रीनकडे रंग तीनच: लाल, हिरवा, निळा. हे तीन या आकृतीत तीन बिंदू. ते जोडले की त्रिकोण होतो, आणि स्क्रीन फक्त त्या त्रिकोणाच्या आतलेच रंग दाखवू शकते. यालाच गॅमट म्हणायचं.

आता त्रिकोण किती मोठा हे सांगायला ठरलेल्या काही त्रिकोणांशी तुलना करतात. एसआरजीबी हा एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ साली पुढे केलेला. त्या काळच्या काचेच्या नळीवाल्या मॉनिटरना जे जमायचं त्यावर बेतलेला. इंटरनेट अजूनही प्रामुख्याने यावरच चालतं. अ‍ॅडोबी आरजीबी १९९८ चा, छपाई डोळ्यांसमोर ठेवून केलेला. डीसीआय-पी३ डिजिटल सिनेमा प्रोजेक्टरसाठी आला. ॲपलने २०१५ च्या फाइव्ह-के आयमॅकपासून त्याचाच एक अवतार संगणकात आणला, आणि आज बऱ्याच महागड्या फोनमध्ये तोच असतो. एनटीएससी म्हणजे १९५३ चं अमेरिकन रंगीत टीव्हीचं मानक. त्या मानकाप्रमाणे आज कोणी काही बनवत नाही, पण पॅनलवाल्यांना सवय लागलीय म्हणून आकडा अजून छापतात.

तुमच्या चार खोक्यांपैकी ७२% एनटीएससी आणि ९९% एसआरजीबी हे साधारण एकाच आकाराचे त्रिकोण आहेत, कारण एसआरजीबीचं क्षेत्रफळ एनटीएससीच्या जवळपास ७१-७२ टक्के भरतं. त्याच हिशेबाने तुमचा लॅपटॉप एसआरजीबीच्या ६३-६४ टक्क्यांवर येतो. म्हणजे भाचा बरोबर बोलतोय. त्या स्क्रीनवर मोरपंखीतला हिरवा दिसायला तिच्याकडे तेवढा हिरवा असायला तर हवा!

पदर

खूप धन्यवाद ऐरोलीकर! पण मग १२५% हा ९९% पेक्षा चांगलाच ना?

ऐरोलीकर

नाही, आणि हीच सगळ्यात मोठी ग्यानबाची मेख आहे.

९९% लिहिलं असेल तर बहुतेक वेळा अर्थ असा की एसआरजीबीच्या त्रिकोणातला ९९ टक्के भाग स्क्रीनच्या त्रिकोणात बसतो. याला व्याप्ती म्हणू. ती १०० च्या वर जाऊच शकत नाही. १२५% म्हणजे नुसती क्षेत्रफळाची तुलना: स्क्रीनचा त्रिकोण एसआरजीबीपेक्षा सव्वापट मोठा. पण मोठा कुठल्या दिशेला? समजा त्याचा लाल कोपरा खूप बाहेर गेलाय आणि हिरवा जरा आत राहिलाय, तर क्षेत्रफळ १२५ भरेल आणि तरीही एसआरजीबीतले काही हिरवे त्याला दाखवता येणार नाहीत.

उदाहरण खऱ्या आकड्यांत देतो. १९३१ च्या आकृतीत अ‍ॅडोबी आरजीबी आणि पी३ दोघांचं क्षेत्रफळ एसआरजीबीच्या साधारण १३५ टक्के. दोन्ही जवळजवळ सारखे! पण आकार एकदम निराळे. अ‍ॅडोबीने एसआरजीबीचे लाल आणि निळा कोपरे जिथल्या तिथे ठेवून फक्त हिरवा कोपरा लांब खेचलाय. पी३ने निळा तसाच ठेवला, हिरवाही बाहेर नेला (अ‍ॅडोबीपेक्षा वेगळ्या दिशेने, पिवळ्याकडे झुकलेला) आणि लालही बाहेर नेला.

त्यातून आणखी गंमत म्हणजे हेच त्रिकोण सीआयईच्या १९७६ च्या सुधारित आकृतीत मोजले, तर पी३ एसआरजीबीच्या सव्वापट आणि अ‍ॅडोबी जेमतेम १७ टक्क्यांनी मोठा निघतो. जुन्या आकृतीत हिरव्याचा भाग गरजेपेक्षा ताणलेला आहे म्हणून हा फरक. कंपनीने कुठली आकृती वापरली ते खोक्यावर लिहितात का? क्वचितच.

तेव्हा दुकानात विचारायचे प्रश्न दोन: कुठल्या मानकाचे टक्के, आणि व्याप्ती की क्षेत्रफळ.

चष्मिश

वाखुसा (वाचनखूण साठवली)! इतकी वर्षं १२५% वाचून खूश होत होतो.

पाणथळ

ऐरोलीकरांनी पाया छान घातलाय, माझी भर.

मी नेरूळला राहतो, पक्ष्यांचे फोटो काढतो आणि मोठे प्रिंट करतो. पदरताईंनी मोरपंखी आणि राणी ही दोन नावं घेतली ती उगाच नाहीत. हे दोन रंग आकृतीत दोन वेगळ्या कडांवर बसतात. मोरपंखी हिरवा आणि निळा कोपरा जोडणाऱ्या कडेजवळ. एसआरजीबी सगळ्यात दुबळा तिथेच आहे. खंड्याच्या पाठीचा निळा-हिरवा घेऊन मी जे भोगलंय ते मलाच माहीत. तिथे अ‍ॅडोबी आरजीबी खरोखर कामाला येतो.

राणी मात्र निळा आणि लाल जोडणाऱ्या कडेवर. अ‍ॅडोबीचे हे दोन्ही कोपरे एसआरजीबीचेच असल्यामुळे तिथे अ‍ॅडोबी मॉनिटर घेऊन कवडीचाही फायदा नाही. पी३ने लाल पुढे नेल्यामुळे तिथे थोडी जागा मिळते. कुंकू, झेंडू, जर्द केशरी यांनाही पी३चा जास्त आधार.

म्हणून माझं मत: साड्यांना नुसता एसआरजीबी पुरणार नाही. रुंद गॅमटवालाच घ्या. ऑफसेटच्या चार शाईंमधली जी सायन असते ना, तीसुद्धा एसआरजीबीच्या बाहेर जाते. कागदावर छापता येणारा रंग स्क्रीनवर दिसत नाही, याला काय म्हणायचं?

कळवा_स्लो

पण त्या साड्या छापणार कुठे आहेत? वॉट्सअ‍ॅपवर टाकणार आहेत.

पाणथळ

मुद्दा मान्य, पण मूळ फाइल तरी नीट दिसायला हवी की नको?

सेक्टर_सतरा

मला रुंद गॅमटवाल्यांशी भांडायचंय.

ऑफिसने दिलेला जुना मॉनिटर सोडून पी३वाला घेतला. पहिल्या दिवसापासून सगळ्यांचे चेहरे उन्हातून आल्यासारखे लाल. वेबसाइटवरची लाल बटणं डोळ्यात घुसतात. गवत तर रेडियमचं वाटतं. बायको म्हणते छान दिसतंय, मला डोकेदुखी. हे असंच असतं का?

ऐरोलीकर

हो, आणि पदरताईंनी हे नीट वाचावं, कारण रुंद गॅमटचं खरं बिल इथे येतं.

फोटोच्या फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात: लाल २५५, हिरवा ०, निळा ०. त्याचा अर्थ "तुझ्याकडे आहे तेवढा सगळा लाल दे". पण कुणाकडचा लाल? गाण्यात नुसता "सा लाव" म्हणून भागत नाही, काळी दोन की पांढरी चार ते सांगावं लागतं. तसं फाइलला "हे आकडे एसआरजीबीतले आहेत" असं सांगणारी चिठ्ठी लागते. ती चिठ्ठी म्हणजे प्रोफाइल. चिठ्ठी वाचून स्क्रीनच्या त्रिकोणानुसार आकडे बदलून देणं हे सॉफ्टवेअरचं काम.

मॅकवर हे यंत्रणाच करते. विंडोजवर वर्षानुवर्षं ज्या-त्या प्रोग्रॅमवर सोडलेलं होतं. फोटोशॉप, लाइटरूम करतात. क्रोम करतो आणि चिठ्ठी नसलेल्या फोटोला एसआरजीबी मानतो. पण डेस्कटॉप, साधी सॉफ्टवेअरं, बरेच गेम काहीच करत नाहीत. ते एसआरजीबीचे आकडे जसेच्या तसे पी३ पॅनलला देतात आणि तुमचं गवत रेडियमचं होतं.

सेक्टर_सतरा, उपाय सोपे आहेत. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत एसआरजीबी मोड असतो, तो लावा. तो पॅनलचा मोठा त्रिकोण मुद्दाम छाटून एसआरजीबीएवढा करतो. विंडोज ११ असेल तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये "ऑटो कलर मॅनेजमेंट" दिसतंय का बघा. २०२२ च्या मोठ्या अपडेटपासून आलंय, मात्र सगळ्या ग्राफिक्स कार्डांवर चालत नाही. फायरफॉक्स वापरत असाल तर त्याच्या आतल्या सेटिंगमध्ये कलर मॅनेजमेंटचा मोड १ करा, म्हणजे चिठ्ठी नसलेल्या गोष्टीही एसआरजीबी धरल्या जातात.

सेक्टर_सतरा

एसआरजीबी मोड लावला. चेहरे माणसांचे झाले! पण ब्राइटनेसचं बटण बंद पडलं, स्क्रीन प्रखर आहे आणि कमीच होत नाही.

ऐरोलीकर

हाच तो दुसरा त्रास. बऱ्याच मॉनिटरमध्ये एसआरजीबी मोड लावला की ब्राइटनेस आणि रंगांची सेटिंग कुलूपबंद होतात. घेण्याआधी तपासायची गोष्ट ही, आणि खोक्यावर ती कुठेच लिहिलेली नसते. चांगल्या मोजमापी रिव्ह्यूमध्ये मात्र सापडते.

मामा_वाशीवाले

कुठून घ्यायचा यावर कोणीच बोलत नाही म्हणून लिहितो. लॅमिंग्टन रोडला पूर्वीइतका भावाचा फायदा राहिला नाही असं माझं मत, पण तिथे मॉनिटर उघडून, लावून दाखवणारे अजून आहेत. मॉलमधल्या शोरूममध्ये रंग बघून अजिबात ठरवू नये. तिथे सगळे पडदे दुकानाच्या मोडमध्ये असतात, ब्राइटनेस छताला आणि रंग तिखट. शेजारी-शेजारी दोन ठेवले की डोळा नेहमी जास्त भडक असेल त्याच्याकडेच जातो, आणि घरी आणल्यावर तोच नकोसा होतो.

जाताना आपल्या साडीचा फोटो पेनड्राइव्हवर न्या आणि तीच साडी पिशवीत न्या. दुकानदार हसेल, हसू दे.

पदर

मामा, साडी न्यायची कल्पना लई आवडली!

एक प्रश्न राहिला. एका मॉनिटरवर "१०७ कोटी रंग" असं लिहिलंय, बाकीच्यांवर १.६७ कोटी. हा पण त्रिकोणाचाच प्रकार आहे का?

चष्मिश

हे मी सांगू शकतो. नाही, ते वेगळं. प्रत्येक मूळ रंगाच्या किती पायऱ्या आहेत ते सांगणारा आकडा आहे तो. ८ बिटमध्ये प्रत्येकी २५६ पायऱ्या, तिन्हींचा गुणाकार १,६७,७७,२१६. १० बिटमध्ये १०२४ पायऱ्या, गुणाकार १०७ कोटींच्या वर. त्रिकोण तेवढाच, त्यात खुंट्या जास्त ठोकल्या एवढंच. संध्याकाळच्या आकाशात जे पट्टे-पट्टे दिसतात ते १० बिटमुळे कमी होतात. स्वस्तातले बरेच "१० बिट" प्रत्यक्षात ८ बिटच असतात आणि दोन छटा भराभर आलटून-पालटून मधली छटा भासवतात. त्याला एफआरसी म्हणतात. डोळ्याला फारसं कळत नाही. साड्यांसाठी यावर पैसे घालू नका.

रीळवाला

व्हिडिओवाल्यांकडून दोन ओळी. रुंद गॅमटची जाहिरात करताना आता "रेक. २०२०" चे टक्केही टाकतात. २०१२ चं मानक, त्याचे तीन रंग म्हणजे ६३०, ५३२ आणि ४६७ नॅनोमीटरचा शुद्ध प्रकाश, जवळपास लेझरच. पी३ त्याच्या ७२ टक्क्यांच्या आसपास भरतो. घरातला कुठलाही साधा मॉनिटर तो पूर्ण दाखवत नाही. एचडीआर व्हिडिओचं खोकं २०२० चं असलं तरी आतला माल बहुतांशी पी३एवढाच असतो. पदरताईंच्या रील्स साध्या असतील तर त्या रेक. ७०९ मध्ये जातात, ज्याचा त्रिकोण आणि एसआरजीबीचा त्रिकोण एकच आहे. काळजी नको.

पणती

इतका वेळ वाचतेय, राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. मी कापड रंगवण्याच्या क्षेत्रात होते. सगळे मॉनिटरच्या मागे लागलात, पण साडीचा फोटो कुठल्या उजेडात काढला ते कोणी विचारलंच नाही.

पदर, फोटो कुठे काढतेस? घरातल्या एलईडी बल्बखाली काढत असशील तर मॉनिटर कितीही भारी आण, राणी रंग मेलेलाच येणार. पांढरा एलईडी म्हणजे निळा दिवा आणि त्यावर पिवळं फॉस्फर. त्या उजेडात गडद लालचा वाटा कमी. बल्बवर सीआरआय ८० लिहिलेलं असतं, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचे मार्क, पण तो आकडा आठ फिकट नमुन्यांची सरासरी आहे. गडद लालचा नमुना त्यात धरतच नाहीत. त्याचा आकडा वेगळा, त्याला आर९ म्हणतात, आणि स्वस्त बल्बांत तो फारच खाली असतो. उजेडातच लाल नसेल तर साडी परत काय पाठवणार? आणि कॅमेऱ्यापर्यंत जे पोचलं नाही ते कुठला मॉनिटर दाखवणार?

आपल्या आया दुकानात साडी घेताना ती दाराशी उन्हात नेऊन बघायच्या. शास्त्र तेच. एका दिव्याखाली जुळणारे दोन रंग दुसऱ्या दिव्याखाली जुळत नाहीत.

पदर

पणतीताई, दिवसा खिडकीशी आणि संध्याकाळी हॉलच्या दिव्यात काढते. हॉलची भिंत केशरी आहे. 🙈

पणती

मग झालं तर! भिंतीचा केशरी साडीवर सांडतोय. पांढरी चादर लाव मागे आणि बाजूलाही. फोटो फक्त खिडकीशी, थेट ऊन नको. संध्याकाळी काढायचाच असेल तर सीआरआय ९५ च्या वरचा आणि आर९ स्पष्ट लिहिलेला दिवा घे. साडीशेजारी एक राखाडी कार्ड ठेवून पहिला फोटो काढ, त्यावर व्हाइट बॅलन्स बसव, मग बाकीचे. पावसाळ्यात आपल्याकडे दुपारी चारलाच अंधारतं, तेव्हा तो दिवा लागणारच.

आणि एक गोष्ट कोणालाच जमणार नाही ती सांगते. पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून ती हलवली की रंग बदलते. धूपछाँव. स्थिर फोटोत त्यातला एकच क्षण येतो. त्यासाठी छोटा व्हिडिओ टाक. त्रिकोण कितीही मोठा केलास तरी हे त्यात बसत नाही.

पाणथळ

पणतीताई, दंडवत. तरी मी माझ्या मुद्द्यावर ठाम आहे. उजेड सुधारला की कॅमेरा जास्त रंग पकडेल, आणि मग तर ते बघायला मोठाच त्रिकोण हवा.

ऐरोलीकर

पाणथळ, तुमच्यासाठी बरोबर. तुम्ही कच्ची फाइल काढता, अ‍ॅडोबी आरजीबीत काम करता, आणि छापणारा तुमचं प्रोफाइल वाचतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत साखळी तुमच्या हातात आहे. पदरताईंच्या साखळीचं शेवटचं टोक कुणाच्या तरी पर्समधला फोन आहे, आणि त्यावर "व्हिव्हिड" मोड लावलेला असेल की नसेल ते त्या बाईंनाही माहीत नसतं.

अशा वेळी फाइल एसआरजीबीत पाठवणं हेच शहाणपणाचं. अ‍ॅडोबी आरजीबीतली फाइल प्रोफाइल गळून पुढे गेली, तर समोरचा फोन ते आकडे एसआरजीबीचे समजतो आणि साडी धुऊन फिकी पडल्यासारखी दिसते. मग "फोटोत फिका होता, हा गडद आला" अशी उलटी तक्रार! आणि फाइल एसआरजीबीतच जाणार असेल, तर जो मॉनिटर एसआरजीबी शंभर टक्क्यांच्या जवळ आणि अचूक दाखवतो तोच उपयोगाचा, कारण गिऱ्हाइकाकडे काय जाणार ते तुम्हाला आधीच दिसेल. मोरपंखीतला थोडा हिरवा त्यात छाटला जाईल, पण तो छाटलेला तुम्हाला दिसेल.

अचूकपणाचा आकडा म्हणजे डेल्टा ई. हवा होता तो रंग आणि दिसला तो रंग यांतलं अंतर. दोनच्या खाली असेल तर बहुतेकांना फरक जाणवत नाही. काही मॉनिटरच्या खोक्यात कारखान्यात मोजल्याचा कागद मिळतो. त्यात सरासरीच दिलेली असते. सगळ्यात वाईट रंगाचा आकडाही दिला असेल तर कंपनी प्रामाणिक समजा.

बजेटमध्ये पी३ ९५% आणि एसआरजीबी मोडमध्ये ब्राइटनेस बदलता येणारा मिळत असेल तर जरूर घ्या, पुढे उपयोगी पडेल. तसा मिळत नसेल तर ९९% एसआरजीबीवाला, आणि उरलेले पैसे पणतीताईंच्या दिव्यावर.

कळवा_स्लो

म्हणजे मी पहिल्याच प्रतिसादात म्हणालो तेच. 😎

ऐरोलीकर

बरोबर उत्तर, पायऱ्यांचे मार्क कापले.

चष्मिश

अवांतर: ओएलईडी लॅपटॉपवर काम केलं तर? माझा आहे, रंग भन्नाट आहेत. पण शेजारच्या साध्या मॉनिटरवरचा पांढरा आणि यावरचा पांढरा, दोन्ही यंत्राने मोजून सारखे केले तरी मला ओएलईडीचा हिरवट वाटतो. बायकोला वाटत नाही.

ऐरोलीकर

तुमचे डोळे ठीक आहेत. रुंद गॅमटसाठी तिन्ही रंग एकदम टोकदार, अरुंद पट्ट्यांचे करावे लागतात: क्वांटम डॉट, केएसएफ नावाचं लाल फॉस्फर, ओएलईडी, सगळ्यांचा मार्ग हाच. पट्टे जितके अरुंद, तितका माणसा-माणसाच्या डोळ्यांतला फरक उघडा पडतो. १९३१ ची आकृती ज्या "सरासरी डोळ्या"वर बेतलीय तो तुमचा नाही, इतकंच. म्हणूनच अशा दोन स्क्रीनचा पांढरा यंत्रापेक्षा शेवटी डोळ्याने जुळवून घ्यावा लागतो.

पदर

मंडळी, खबरबात द्यायला आले.

साडी पिशवीत घालून गेले. दुकानातले सगळे बघत होते. पी३वाला ३० च्या आत होता, पण एसआरजीबी मोडमध्ये ब्राइटनेस हलत नव्हता, समोरच करून बघितलं. म्हणून ९९% एसआरजीबीवाला २७ इंची घेतला, कारखान्याचा कागद आहे, सरासरी डेल्टा ई २ च्या खाली. उरलेल्या पैशांत सीआरआय ९५ वाला दिवा, राखाडी कार्ड आणि दोन पांढऱ्या चादरी. केशरी भिंतीकडे पाठ केलीय.

राणी रंग जवळपास जसाच्या तसा आला. त्याचं श्रेय मॉनिटरपेक्षा दिव्यालाच जास्त, पणतीताई म्हणाल्या तसं. मोरपंखीत हिरवा परत आलाय, पण साडी शेजारी धरली तर स्क्रीनवरचा अजून थोडा कमी झळकतो. पाणथळकाका आता "मी सांगत होतो" म्हणणार! त्या साड्यांच्या खाली मी आता लिहिते, "प्रत्यक्षात हिरवा अधिक आहे, खिडकीतला व्हिडिओ बघावा." गिऱ्हाइकं व्हिडिओ मागायला लागलीत.

मॉनिटर मोजून घ्यायचं यंत्र विकत घेणं परवडणार नाही. भाड्याने मिळतं का कुठे?

पाणथळ

मी सांगत होतो. 🙂

भाड्याचं राहू द्या, माझा कलरिमीटर आहे. रविवारी सकाळी ऐरोलीच्या जेट्टीवरून फ्लेमिंगोंच्या बोटीला जाणार आहे, परतताना नौपाड्यात येऊ शकतो. तयारी एवढीच करून ठेवा: मॉनिटर अर्धा तास आधीपासून चालू, एसआरजीबी मोड, खोलीत पडदे ओढलेले, स्क्रीनवर दिव्याची तिरीप नको. ब्राइटनेस १२० कँडेलाच्या आसपास बसवू. सॉफ्टवेअर फुकटचं आहे, डिस्प्लेकॅल. मी पेनड्राइव्हवर आणतो. फक्त तुमच्या मॉनिटरचा बॅकलाइट कुठल्या प्रकारचा आहे ते मॉडेल नंबरवरून शोधून मला कळवा, साधा पांढरा एलईडी की केएसएफ. यंत्राला ते आधी सांगावं लागतं, नाहीतर लाल चुकीचा मोजतं.

पदर

मॉडेल नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय काका. थालीपीठ चालेल ना?

पाणथळ

नंबर मिळाला. साधा पांढरा एलईडी आहे, सोपं काम. लोणी असेल तर दोन.